उन्हाचं भाडं

"मजा आहे बुवा तुझी!"

सॅन डिएगोत राहते असं सांगितलं की समोरून हे वाक्य येतंच. शिकागोतले मित्र म्हणतात, न्यू जर्सीतले म्हणतात, पुण्यातलेसुद्धा म्हणतात (आणि पुणेकर असं सहसा कुणाला म्हणत नाहीत, त्यामुळे त्याचं जास्त कौतुक :-) ). सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं. निळा समुद्र, ताडासारखी उंच झाडं, बारा महिने ऊन आणि त्यात गॉगल लावून फिरणारी आपली मैत्रीण. मंगळवारी सकाळी साडेआठच्या मीटिंगमध्ये कालचा बग आज का सुटला नाही हे सांगणारी मैत्रीण त्या चित्रात कुणालाच दिसत नाही.

तर आज ह्या 'मजे'बद्दलच लिहायचंय. माझं म्हणणं थोडक्यात असं, की ऊन माणसाला सुखी करत नाही. ऊन फक्त एक सबब काढून घेतं. आणि ती सबब गेली की मग तिच्यामागे लपलेली दुसरी, मोठी सबब दिसायला लागते. त्या दुसऱ्या सबबीचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. थोडं लांबेल, पण शनिवार आहे. चहा घेऊन बसा.

मुळात मी सोलापूरची. आता सोलापूरच्या मुलीनं ऊन मिळावं म्हणून शहर बदलावं, म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं तिखट मिळावं म्हणून देश सोडण्यासारखं आहे! आमच्याकडे ऊन हा कौतुकाचा विषय कधीच नव्हता. मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. "एवढ्या उन्हात कुठं चाललीस गं?" हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलंय, त्याला गणतीच नाही. त्यात मुलगी असल्यामुळे दुसरं वाक्यही ठरलेलं, "काळी पडशील." स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा जामानिमा करून स्कूटीवरून क्लासला जाणाऱ्या आम्ही मुली लांबून अंतराळवीरच दिसायचो. आणि एवढं ऊन असूनही रक्त तपासलं की 'ड' जीवनसत्त्व कमी! भारतभर हे आढळतं, कारण ऊन आकाशात भरपूर असलं तरी अंगावर किती पडतं हा वेगळा हिशेब आहे.

आपल्या भाषेत बघा ना. "हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत." "उन्हातान्हात राबून पैसे कमावलेत." रणरणतं ऊन, उन्हाचा तडाखा, उन्हाच्या झळा. सगळीकडे ऊन म्हणजे त्रास, ऊन म्हणजे कष्ट. गोड शब्द मोजकेच. सकाळचं 'कोवळं ऊन'. थंडीत 'ऊन खात बसणं'. आणि एक माझा फार आवडता, 'उन्हं उतरली'. ह्या शेवटच्या शब्दाकडे मी परत येणार आहे, तोवर तो बाजूला ठेवा.

पुण्यात इंजिनिअरिंग झालं, तिथेच दोन वर्षं नोकरी झाली आणि मग एमएससाठी शिकागो. तिथे पहिल्यांदा कळलं की ऊन आणि ऊब ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जानेवारीतली सकाळ, खिडकीबाहेर लख्ख ऊन, आकाश निळंशार, आणि तापमान उणे पंधरा. सोलापूरच्या मेंदूला हे झेपतच नाही. ऊन दिसतं पण लागत नाही, म्हणजे टीव्हीवर जेवण बघण्यासारखं. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. ऑफिसमधून बाहेर पडावं तर मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं.

अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं. "समर आला की." समर आला की सायकल घेऊ. समर आला की रोज लेकवर चालायला जाऊ. समर आला की लोकांना जेवायला बोलावू. शिकागोचे मूळ लोक समर खरोखर साजरा करतात. पहिल्या बऱ्या दिवशी मिशिगन लेकच्या काठावर अख्खं शहर लोटतं. आपली मंडळी मात्र बरेचदा समरमध्ये भारतात जाऊन येतात, किंवा त्यांचं रिलीज असतं, किंवा आईबाबा आलेले असतात आणि मग नायगारा करायचा असतो. समर संपतो. मग पुढचा समर आला की.

दीड वर्षापूर्वी नोकरी बदलली आणि मी सॅन डिएगोला आले. इथे 'समर आला की' हे वाक्य म्हणायची सोयच नाही. किनाऱ्याजवळ जानेवारीत दुपारी अठरा-एकोणीस अंश आणि ऑगस्टमध्ये पंचवीसच्या आसपास. ऋतू म्हणजे स्वेटर काढायचा का ठेवायचा एवढाच प्रश्न. ह्याचं कारण समुद्र. इथला पॅसिफिक थंड आहे, उत्तरेकडून गार पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला लागून खाली वाहतो. त्यामुळे किनाऱ्यावरची हवा गार राहते, आणि वर उबदार हवेचा थर भांड्यावरच्या झाकणासारखा बसतो. मे-जूनमध्ये त्या झाकणाखाली ढग अडकतात आणि दुपारपर्यंत सगळं राखाडी. लोक त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. म्हणजे ज्या दिवसांत सोलापूर भाजून निघत असतं, त्याच दिवसांत ह्या जगप्रसिद्ध उन्हाच्या गावात लोक सकाळी 'आज ऊन पडेल का' म्हणून आकाशाकडे बघत असतात! ही माहिती टुरिझमच्या पोस्टरवर नसते. डिसेंबरात इथेही पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, हीसुद्धा नसते.

पण मान्य करते, एकूण हवा स्वर्गीय आहे. मग माणसं स्वर्गात असल्यासारखी सुखी आहेत का?

ह्यावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे. १९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनिएल कानेमन ह्या दोघांनी प्रसिद्ध केलेला. (कानेमन म्हणजे मानसशास्त्रज्ञ असून २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे. २०२४ मध्ये ते गेले.) त्यांनी मिडवेस्टमधल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मिळून सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडचं उत्तर जवळपास सारखंच आलं. मग विचारलं, तुमच्यासारखाच विद्यार्थी त्या दुसऱ्या भागात राहत असेल तर तो किती समाधानी असेल? तेव्हा दोन्हीकडच्यांनी सांगितलं की कॅलिफोर्नियातला जास्त सुखी असणार! कॅलिफोर्नियातली मुलं आपल्या हवेवर खूश होतीच. पण एकूण आयुष्याचा हिशेब करताना हवेला त्यात फारशी जागा नव्हती. तिथे अभ्यास, पैसा, मित्र, प्रेमप्रकरणं हीच मंडळी बसलेली होती. लांबून बघताना मात्र नजर नेमकी दोन ठिकाणांमधल्या फरकावर, म्हणजे हवेवर जाते, आणि मग सगळं सुख त्या हवेतच आहे असं वाटतं.

"मजा आहे बुवा तुझी" हा अगदी हाच प्रकार. मी शहर बदललं तेव्हा माझ्यासोबत माझा लॅपटॉप आला, माझी ऑन-कॉलची पाळी आली, आईच्या गुडघ्यांची काळजी आली, रात्री अकराला फोन बघत पडायची सवय आली. हवा बदलली. बाकी सगळं सामान तेच.

आता कुणी म्हणेल, मग गेलीस कशाला? इथे पैशाचा मुद्दा येतो. सॅन डिएगोत एक शब्दप्रयोग कानावर पडतो, 'सनशाइन टॅक्स'. खरा टॅक्स नव्हे. अर्थ असा की इथे पगार सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा कमी आणि खर्च त्याच्या वाटेवर, तर मधला फरक म्हणजे तुम्ही उन्हासाठी भरलेला कर. एक बेडरूमचं भाडं अडीच हजार डॉलरच्या आसपास सहज जातं, साधंसं स्वतंत्र घर घ्यायचं तर दहा लाख डॉलरच्या घरात. विजेचे दर तर ऐकूच नका. माझ्या एका मित्रानं मी इथे यायच्या आधी मला एक एक्सेल शीट पाठवली होती. त्यात डॅलसला राहिलीस तर पाच वर्षांत किती वाचतील आणि इथे किती, असा सगळा हिशेब होता. आकडे बरोबर होते. फक्त त्या शीटमध्ये 'संध्याकाळ' नावाचा कॉलम नव्हता.

पण हा टॅक्स हसण्यावारी न्यायचा नाही. माझ्यासारखी आयटीवाली तो भरू शकते. ज्या बाई आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काम करतात त्या रोज दीड तास लांबून, आतल्या भागातून येतात. तिथे समुद्राचा गारवा पोचत नाही आणि उन्हाळ्यात चाळीस अंश होतात. म्हणजे ज्यांना जास्त लांबून यावं लागतं त्यांच्याच वाट्याला जास्त तापलेलं ऊन. २००३च्या ऑक्टोबरात इथे सीडर फायर नावाचा वणवा पेटला, त्यात पंधरा माणसं गेली आणि दोन हजारांवर घरं जळाली. पोस्टरवरच्या उन्हाची ही दुसरी बाजू.

आणि पाण्याचं तर ऐका. सॅन डिएगोत वर्षाला पाऊस पडतो साधारण दहा इंच. म्हणजे आमच्या दुष्काळी सोलापुरापेक्षाही बराच कमी! तरी इथे हिरवळी आहेत आणि नळ चोवीस तास. कारण १९४७ साली कोलोराडो नदीचं पाणी डोंगर-वाळवंट ओलांडून शहरापर्यंत आणलं, आणि २०१५ पासून कार्ल्सबादला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालू आहे, त्याची क्षमता दिवसाला जवळपास १९ कोटी लिटर. माझ्या लहानपणी आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि त्या दिवशी घरातला प्रत्येक डबा, बादली, पातेलं भरून ठेवलेलं असायचं. ऊन दोन्ही गावांत तेच. पण ऊन सुंदर वाटायला माणसाच्या हाताशी पाणी आणि डोक्यावर सावली लागते. हे विसरून "आमच्याकडे काय सुंदर ऊन पडतं!" असं म्हणणं मला तरी जमत नाही.

असो. तर हवेची सबब गेली. मग माणसं रोज मजेत राहायला लागतात का? माझ्या आजूबाजूला बघते तर नाही. कारण आपल्याकडे त्याहून मोठी, खानदानी सबब आहे. "सेटल झाल्यावर."

इथे ती सबब पासपोर्टच्या आकारात येते. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांत दुसरी सोय बघायची (तोही नियम २०१७ पासूनचा). ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा, १९९०च्या कायद्यापासून. त्यामुळे आपली रांग वर्षांत मोजायचीच नाही, दशकांत मोजायची. आणि मध्येच सप्टेंबर २०२५ मधल्यासारखा एखादा शुक्रवार उगवतो. १९ तारखेला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली. ती कुणाला लागू, कुणाला नाही, हे पहिल्या काही तासांत कुणालाच कळेना. भारतात सुटीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानाची तिकिटं शोधत होते, इथून निघालेले विमानतळावरून परत फिरत होते. शनिवारी खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना आहे. तोवर आमच्या ग्रुपमधल्या एकीनं आईच्या साठीसाठी काढलेलं तिकीट रद्द करून टाकलं होतं. तिची आई एकदाच साठ वर्षांची होणार होती.

तेव्हा भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. भीती खरी आहे, तिला कारण आहे. मला म्हणायचंय ते पुढचं. ह्या भीतीचा उपाय म्हणून आपण जे करतो, त्यानं भीती तर कमी होत नाहीच, वर दिवसही जातो. माझ्या ओळखीचा एक जण सहा वर्षं अमेरिकेत आहे. घरात सोफा नाही. जमिनीवर गादी, खुर्चीवर कपडे आणि भिंतीवर मागच्या भाडेकरूनं ठोकलेला खिळा, तोही रिकामा. का? तर "अजून काही नक्की नाही रे." पैसे आहेत, हौसही आहे. पण सोफा घेतला तर जणू काही नशिबाला आव्हान दिल्यासारखं होईल! दुसरी एक जण गिटार शिकायची म्हणते, पण ग्रीन कार्डचा अर्ज मार्गी लागल्यावर. आता गिटारचा आणि प्रायॉरिटी डेटचा संबंध काय, हे मला कुणीतरी फ्लोचार्ट काढून समजवावं.

ह्यात व्हिसाचा दोष आहेच. पण सगळा नाही. कारण हेच वाक्य मी पुण्यात हिंजवडीला ऐकलंय, जिथे कुणालाच व्हिसा लागत नव्हता. आधी दहावी होऊ दे. मग बारावी होऊ दे. मग कॅम्पस, मग ऑनसाइट, मग फ्लॅट, मग लग्न, मग मुलांचं शिक्षण. आपल्या मध्यमवर्गीय घरांत आनंद हा मेहनतीनंतर मिळणारा बोनस असतो. पगारासारखा दरमहा मिळणारा नव्हे! आपल्या आईवडिलांनी असं जगून आपल्याला इथवर आणलं, त्याची मला पूर्ण जाणीव आहे. पण त्यांना दुसरा पर्याय फार कमी होता. आपल्याला आहे, आणि तरी आपण तीच सवय वारसाहक्कानं चालवतोय.

मग रोजची मजा म्हणजे नक्की काय? माझी यादी फार साधी आहे, कुणाला हसू येईल. ऑफिसमधून निघाल्यावर आठवड्यातून दोन दिवस समुद्रावर चालणं. कॅलिफोर्नियात समुद्रकिनारा सगळ्यांचा, तिथे जायची वाट खुली ठेवायला १९७६चा खास कायदाच आहे. त्यामुळे ज्यांचा बंगला करोडोंचा आणि जिची एका बेडरूमची खोली, दोघांना सूर्यास्त एकाच दरात. टॉरी पाइन्सच्या टेकडीवर वाऱ्यानं वाकलेले पाइन आहेत. ती जात आपसूक उगवते ती फक्त इथे आणि आणखी एका बेटावर. रविवारी दुपारी दोन वाजता बाल्बोआ पार्कमध्ये उघड्यावरच्या भल्यामोठ्या ऑर्गनचा कार्यक्रम असतो. पाच हजारांहून जास्त नळ्यांचा तो ऑर्गन १९१४च्या शेवटी शहराला भेट मिळाला, आणि कार्यक्रम फुकट. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी शेंगदाणे खात बसते.

आणि वाळवण! मागच्या जुलैत बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. आईला व्हिडिओवर दाखवल्या तर ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन हेच करायचं होतं तर इथंच राहायचं." दुसऱ्या दिवशी मात्र तिचाच फोन, "उलटवल्यास का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा, "आतून ओल्या नाहीत ना? वाजवून बघ." एरवी आमचं फोनवर बोलणं म्हणजे "जेवलीस का, काय जेवलीस, बरं ठेवते." ते तीन दिवस आम्ही पापड्यांवर मिळून दीड तास बोललो. आजी कुरडयांचा चीक कसा शिजवायची, कावळे हाकलायला मला कसं बसवायची, सगळं निघालं. हा फायदा कुठल्या एक्सेलमध्ये टाकायचा?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी गंभीरपणे घेते. तिकडे आईवडील चव्वेचाळीस अंशांत, आणि आपण इथे वाऱ्यावर फिरायचं. हे मनाला पटतं का? ह्या विचारानं मुलं फोटो टाकायचं बंद करतात, फोनवर मजा लपवतात, "चाललंय आपलं" म्हणतात. पण मी इथे तोंड पाडून बसल्यानं सोलापूरचं तापमान अर्ध्या अंशानंही उतरत नाही. घरी कूलर घेऊन देणं, वेळेवर फोन करणं, तिकीट काढून जाणं, ह्यानं फरक पडतो. आपल्या उदास राहण्यानं कुणालाही काही मिळत नाही. उलट मुलगी लांब गेली आणि वर खूशही नाही, हा आईवडिलांसाठी दुप्पट तोटा.

आता तो बाजूला ठेवलेला शब्द. 'उन्हं उतरली'.

सोलापुरात मे महिन्यात साडेपाच वाजले की चमत्कार होतो. उन्हं उतरतात. दारं उघडतात. बायका अंगणात पाणी मारतात आणि तापलेल्या फरशीतून तो वास येतो. बाबा बनियनवर बाहेर खुर्ची टाकतात. कुणी सिद्धेश्वर तळ्याकडे फिरायला निघतं. पोरं क्रिकेट काढतात. रात्री गच्चीवर गाद्या पडतात. ह्यात कुणी 'सेटल' झाल्याची वाट बघत नव्हतं. घराचे हप्ते चालू असायचे, पाणी उद्या येईल की परवा माहीत नसायचं, बाबांच्या मिलच्या कामाचंही पुढचं काही खरं नसायचं. तरी संध्याकाळ रोज व्हायची आणि रोज सगळे बाहेर यायचे. गंमत बघा, भविष्याची सगळ्यात जास्त काळजी करणारी हीच माणसं रोजची संध्याकाळ मात्र उद्यावर ढकलत नव्हती.

म्हणून मला वाटतं, उन्हाच्या शहरात येऊन आपण नवीन काही शिकत नाही. वातानुकूलित ऑफिसात आणि बारा-बारा तासांच्या दिवसांत जी संध्याकाळ आपल्याकडून हरवली, ती फक्त परत मागायची असते. त्यासाठी सॅन डिएगोच हवं असंही नाही. पुण्यात मिळते, शिकागोतही मिळते, स्वेटर दोन जास्त घालायचे एवढंच.

शेवटी एका बाईंची गोष्ट सांगते. केट सेशन्स. शाळेत शिकवायला म्हणून सॅन डिएगोला आल्या आणि झाडांच्या नादी लागून रोपवाटिका काढली. १८९२ साली त्यांनी शहराच्या पार्कातली सुमारे तीस एकर जागा भाड्यानं मागितली. तेव्हा तो पार्क म्हणजे नुसतं खुरटं माळरान. करार असा झाला की जागेच्या बदल्यात त्यांनी दर वर्षी पार्कात शंभर झाडं लावायची आणि शहरासाठी आणखी तीनशे रोपं द्यायची. म्हणजे भाडं झाडांत! जागा त्यांची नव्हती. मुदत संपली की सोडायचीच होती. पण आज बाल्बोआ पार्क म्हणतात ते हेच, आणि ह्या शहरात मे-जूनमध्ये रस्तोरस्ती जांभळा सडा पडतो त्या जॅकरँडाचं, म्हणजे आपल्या नीलमोहराचं वेड लावण्याचं श्रेय बहुतेक जण त्यांनाच देतात. जून ग्लूमच्या राखाडी आकाशाखाली तो जांभळा रंग असा काही उठून दिसतो की ऊन नसल्याचं वाईटही वाटत नाही.

भाड्याच्या जमिनीवर झाडं लावणारी बाई. मला वाटतं, आपल्या पिढीच्या एच-१बीवाल्यांना, हिंजवडीतल्या पीजीवाल्यांना, दर दोन वर्षांनी शहर बदलणाऱ्या सगळ्यांनाच ही गोष्ट सांगायला हवी. जागा कायमची आपली होईल की नाही ते आपल्या हातात नाही. तोवर तिथे काय लावायचं, ते आहे.

तेव्हा सोफा घ्या. गिटार आणा. मंगळवारी, हो मंगळवारीच, उन्हं उतरली की लॅपटॉप बंद करून खाली उतरा. बग उद्याही तिथेच असेल, त्याची काळजी नको. उन्हाचं भाडं आपण भरतोच आहोत, कुणी डॉलरमध्ये, कुणी घरापासूनच्या अंतरात. निदान भाडं भरलंय त्या घरात राहायला तर लागू!